मुद्रोसचे पाणी

महायुद्धाच्या दुसऱ्या हिवाळ्यात, पौष महिन्यात, ग्रीस देशातील लेम्नॉस बेटावर मुद्रोसच्या खाडीत एक मचवा उलटला. मचव्यात तुर्कस्तानातील गलिपोलीच्या आघाडीवरून आणलेले आजारी शिपाई होते आणि त्यांच्यासोबत अकोल्याचे डॉक्टर गोविंद पातुरकर होते. काही लोक वाचले. काहींचे देह मिळाले. डॉक्टर वाचलेल्यांत नव्हते आणि मिळालेल्यांतही नव्हते. फौजेकडून घरी कळविण्यात आले ते एवढेच.

त्यानंतर वीस वर्षांनी, गेल्या चैत्रात, त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई ते पाणी पाहून आल्या. सोबत त्यांचे धाकटे दीर, अकोल्याचे वकील नानासाहेब पातुरकर, आणि मी असे दोघे होतो. नानासाहेब आणि मी अमरावतीच्या शाळेत एका वर्गात होतो. मी अमरावतीच्या एका साप्ताहिकात काम करतो. नानासाहेबांची प्रकृती बरी नसते, म्हणून त्यांनी मला सोबत घेतले. सरस्वतीबाईंना ते वहिनी म्हणतात. मीही म्हणतो आणि पुढे तसेच लिहितो.

अकोला

नानासाहेबांच्या आई होत्या तोवर घरात डॉक्टरांच्या मरणाचा शब्द निघाला नाही. डॉक्टर शाळेत असताना मोर्णा नदीला पूर आला की या काठावरून उडी टाकून त्या काठाला निघत. ते पाहायला लोक पुलावर जमत. आई म्हणत, एवढ्या पुरातून निघणारे पोर कुठेतरी निघाले असेल, कोणत्या तरी काठाला असेल. त्यामुळे वहिनींचे कुंकू राहिले, मंगळसूत्र राहिले. दरवर्षी त्या वडाला जात. गावातल्या काही घरांतून त्यांना हळदीकुंकवाचे बोलावणे येई, काही घरांतून येत नसे.

आई गेल्यावर वर्षभराने नानासाहेबांनी विषय काढला. ज्याचा देह मिळत नाही त्याचा पळसाच्या पानांचा देह करतात, त्याला अग्नी देतात आणि मग श्राद्ध सुरू होते. डॉक्टरांना मूल नाही. नानासाहेबांना मुलीच आहेत आणि त्यांच्या हृदयाचा भरवसा इस्पितळवाले देत नाहीत. आपल्यामागे भावाला पाणी द्यायला कोणी नाही, हे त्यांच्या मनात होते. पण अग्नी दिला की वहिनींचे कुंकू जाणार, हेही उघड होते. म्हणून त्यांनी वहिनींना विचारले. मी त्या वेळी ओसरीवर होतो.

"करा," वहिनी म्हणाल्या. "पण आधी मले ते पाणी दाखवा."

"कोणतं पाणी?"

"ज्याच्यात गेले म्हणता ते. तुमी पायलं? मी पायलं? गोऱ्या साहेबानं लिहून धाडलं म्हणून मी कपाळ पुसू काय?"

"वहिनी, ते विलायतेच्या वाटेवर आहे."

"मंग वाट तर हाय ना."

मुद्रोसला नेहमीच्या आगबोटी जात नाहीत. मुंबईच्या एका प्रवासी कचेरीत चौकशी केली तेव्हा कळले की ग्रीसच्या बेटांमधून फिरणारी इंग्रजांची एक सहलीची बोट आहे. गलिपोलीत ज्यांची मुले पुरलेली आहेत असे लोक तिच्यातून जातात, म्हणून ती वाटेत मुद्रोसच्या कबरस्तानासाठीही अर्धा दिवस थांबते. बोट चैनीची. नाचघर, वाद्यवृंद, पोहण्याचा हौद. तिच्यात दुसरा वर्ग नाही. अशा रीतीने, ज्या कामाला कोणी गंगेवर जावे, त्या कामाला आम्ही चैनीच्या बोटीवर गेलो.

पासपोर्टासाठी कारकुनाने वहिनींना नवऱ्याचे नाव विचारले. वहिनी गप्प. कारकून नागपूरकडचा हिंदीभाषक होता, त्याने पुन्हा विचारले.

"भाऊजीले इचारा," वहिनी म्हणाल्या.

"बाई, नवरा आपका है, की इनका?"

नानासाहेबांनी नाव सांगितले. आमच्याकडे बायको नवऱ्याचे नाव घेत नाही, हे त्या कारकुनाला ठाऊक असावे. पण त्याला गंमत वाटत होती. पुढचा प्रश्न होता, सधवा की विधवा. वहिनी लगेच म्हणाल्या, "सधवा." नानासाहेब खिडकीबाहेर पाहत होते.

निघताना नानासाहेबांच्या ट्रंकेत पळसाच्या पानांचा मोठा जुडगा होता. बार्शीटाकळीच्या रानातली पाने, ओल्या फडक्यात बांधलेली. सोबत दर्भ, काळे तीळ आणि भटजींनी सांगितलेला विधी. वहिनींच्या पेटीत सातूचे पीठ, मेतकूट, ठेच्याची बरणी आणि जवारीच्या लाह्या.

पोर्ट सैद

मुंबईहून पोर्ट सैदपर्यंतचा प्रवास नेहमीच्या डाकबोटीचा. त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. पोर्ट सैदला आम्ही सहलीच्या बोटीवर चढलो.

बोट पांढरी होती. चढताच हातमोजे घातलेल्या माणसाने वहिनींना फुलांचा गुच्छ दिला. त्यांनी तो देवाला वाहायचा म्हणून पदराखाली घेतला, आणि देव पेटीत आहेत हे आठवून पुन्हा बाहेर काढला. वहिनींची खोली आमच्या खोलीला लागून होती. पलंग, आरसा, गरम पाण्याचा नळ, पायाखाली गालिचा. वहिनींनी गालिचा गुंडाळून कोपऱ्यात ठेवला आणि चटई टाकली. आमच्या खोल्यांचा नोकर गोव्याचा होता, नाव पेद्रू. तो रोज गालिचा अंथरी आणि वहिनी रोज गुंडाळीत. दोघांनीही त्याविषयी एक शब्द काढला नाही.

जेवणाच्या मेजावर काटे, चमचे आणि सुऱ्या इतक्या मांडलेल्या की ताटाला जागा थोडी. शाकाहारी म्हणून आम्हाला उकडलेले बटाटे आले. दुसऱ्या दिवशी तेच आले, फक्त वर अंडे घालून. नानासाहेबांनी ते परत पाठविले. वहिनींनी सातूचे पीठ कालवले आणि मेजावरच खाल्ले. शेजारच्या मेजावरच्या बाईंनी ते काय आहे म्हणून विचारले, चव घेतली आणि चमचा तोंडात धरून बराच वेळ विचार केला.

त्या बाई म्हणजे मिसेस वॉर्ड. वय साठीच्या पुढचे. एकट्या होत्या.

ऱ्होड्स

ऱ्होड्स बेट सध्या इटलीच्या ताब्यात आहे. जुन्या सरदारांचा दगडी किल्ला, त्याच्या आत मशिदी आणि बाजार. गल्लीच्या तोंडाशी लाल तुर्की टोपी घातलेला एक म्हातारा कलिंगडाच्या बिया विकत होता. वहिनी म्हणाल्या, "हे तर बाळापुरातलंच वाटते." अकोल्याजवळच्या बाळापुरातही किल्ला आणि असेच बाजार आहेत; इथे गल्ली फरशीची होती, एवढाच फरक.

परत आल्यावर नानासाहेबांनी ट्रंक उघडली. पानांचा जुडगा नव्हता.

पेद्रूला बोलावले. तो कोकणी मिसळून मराठी बोलत असे. "सायबा, बंदरात दाक्तर येतो. झाडपाला दिसला तर बोट अडवतो. ती पानां सुकली होती, थोडी कुजली पण होती. मी टाकली."

"कुठे टाकली?"

"मागल्या कठड्यावरून. पाण्यात."

"ट्रंक उघडून?"

"बोटीच्या सायबांनी साफ करायला सांगितलं. सगळ्या खोल्यांत." त्याने हात जोडले. "काय होतं ते?"

नानासाहेब पलंगावर बसले. मी पेद्रूला जायला सांगितले. आवाज ऐकून वहिनी दारात आल्या होत्या. काय झाले ते मी सांगितले.

"टाकली का पाण्यात," वहिनी म्हणाल्या. थोडा वेळ त्या कठड्याकडे पाहत राहिल्या. "म्हणजे पानं आपल्या आधी पोचली म्हणा."

सांतोरिनी

सांतोरिनी हे ज्वालामुखीने फोडलेले बेट आहे. समुद्रातून कडे सरळ वर गेलेले, काळे आणि तांबडे. कड्यावर पांढरी घरे. वर जाण्याच्या पायऱ्यांवर गाढवे मिळतात. नानासाहेब गाढवावर बसले. वहिनी चालत गेल्या, आणि वर पोचल्यावर दिराची वाट पाहत बसल्या.

वरच्या खानावळीत एका बशीत पिवळे, दाट असे काही आले. वर कच्चा कांदा आणि तेल. वहिनींनी बोटाने चाखले.

"हे तर वरण हाय," त्या म्हणाल्या. "फोडणी द्याची राहून गेली."

ते खरोखरच डाळीचे होते. वहिनींनी ठेच्याची बरणी काढली. पोर्ट सैद सोडल्यापासून आम्ही तिघे पोटभर जेवलो ते तिथे. खानावळीच्या बाईने ठेचा चाखला आणि नवऱ्याला हाक मारली. नवऱ्यानेही चाखला. मग दोघेही पाणी प्यायले आणि आम्हाला एक बशी फुकट दिली.

सांतोरिनीत आणि त्यानंतर सगळ्या बेटांवर नानासाहेब झाडे पाहत होते. पळस तिकडे नाही. द्राक्षाचे वेल आहेत, ऑलिव्ह आहे, काटेरी झुडपे आहेत. एका अंगणाशी अंजिराचे झाड दिसले. नानासाहेबांनी मला थांबवले. उंबर आणि अंजीर एकाच कुळातले, आणि उंबर यज्ञाला चालतो, असा त्यांचा विचार होता. झाडाच्या मालकाला विचारून आम्ही पाने तोडली. कशाला हवी, हे मालकाला समजावता आले नाही. नानासाहेबांनी पाने ओल्या पंच्यात गुंडाळली आणि वहिनींना दाखविली.

वहिनींनी पंचा उघडून पाहिला. "हे काय?"

"पळस मिळत नाही. याचा देह करू. शास्त्रात पर्याय असतात, वहिनी."

"शास्त्रात असन. पळसाचा केला असता तर मी पायला असता. आपल्या रानातला तरी होता. अंजिराचा नवरा मी जाळू देत नाई." त्यांनी पंचा बांधून परत दिला. "अन् आधी पाणी. ठरलं काय होतं?"

नानासाहेबांनी पाने खोलीतल्या हात धुण्याच्या भांड्यात, पाण्यात ठेवली. पेद्रूने विचारल्याशिवाय त्यांना हात लावला नाही.

पिरियसच्या वाटेवर

बोट अथेन्सच्या या बंदराकडे निघाली त्या संध्याकाळी तिच्यावर सोंगांचा कार्यक्रम होता. कोणी खलाशी झाले, कोणी अरब, एक गृहस्थ पुतळा बनून अंगाला पीठ लावून उभे राहिले. नानासाहेब खोलीत पडून होते. वहिनी गरम होते म्हणून वरच्या मजल्यावर खुर्चीवर बसल्या होत्या. नऊवारी लुगडे, नाकात नथ नव्हती, कपाळावर रुपयाएवढे कुंकू. थोड्या वेळाने एक अधिकारी टाळ्या वाजवीत आला आणि त्याने वहिनींच्या हातात एक खोका दिला. सोंगांत पहिला नंबर त्यांचा आला होता.

मी समजावून सांगितले. वहिनींनी विचारले, "कायचं सोंग?"

"तुमचं लुगडं आणि कुंकू."

"मी तर रोजच्यासारखीच बसून राहिलो होतो."

खोक्यात तोंडाला लावायची पावडर होती. वहिनींनी ती पेद्रूच्या बायकोसाठी दिली. मी त्या अधिकाऱ्याला सांगायला निघालो होतो, वहिनींनी थांबवले. "राहू द्या. हसून राहिले बिचारे, हसू द्या."

मिसेस वॉर्ड शेजारच्या खुर्चीवर विणीत बसल्या होत्या. हे सगळे झाल्यावर त्यांनी माझ्यामार्फत वहिनींना विचारले, ते कपाळावरचे चिन्ह कशाचे.

"सांगा, नवरा जिता असला की लावते."

मी सांगितले. मिसेस वॉर्ड म्हणाल्या, "आणि मुद्रोसला आपण कोणासाठी निघाल्या आहात?"

"नवऱ्यासाठी."

मी तेही सांगितले. दोन्ही उत्तरे एकामागून एक सांगताना, भाषांतरात काही चुकत तर नाही ना असे मिसेस वॉर्ड यांना वाटले असावे. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्यांनी सुया खाली ठेवल्या. नंतर त्यांनी सांगितले की त्यांच्या मुलाची कबर गलिपोलीत आहे, तिचा फोटो घरी आहे, आणि इतकी वर्षे त्या आल्या नव्हत्या कारण दगडावर नाव वाचायचे धैर्य होत नव्हते.

"तिले म्हणा," वहिनी म्हणाल्या, "भेव वाटत असन तर मी येतो संगं."

मुद्रोस

शनिवारी सकाळी बोट मुद्रोसच्या खाडीत नांगर टाकून उभी राहिली. बोटीवर बँड बंद होता. इंग्रज लोक काळे कपडे घालून आणि फुलांची चक्रे घेऊन छोट्या होडक्यांनी किनाऱ्यावर गेले. तिथे मोटारी होत्या. मोटारी कबरस्तानाकडे गेल्या. आम्हाला कबरस्तानात काही काम नव्हते.

आम्ही धक्क्यावर एक होडी ठरवली. होडीवाल्याचे नाव स्टाव्रोस. तरुणपणी तो अलेक्झांड्रियात होता, त्यामुळे इंग्रजी समजण्यापुरते बोलत असे. आम्ही कशासाठी आलो ते त्याला सांगितले. मचवा नेमका कुठे उलटला ते त्याला ठाऊक नव्हते. त्या दिवसांत खाडीत इतक्या बोटी उभ्या होत्या, तो म्हणाला, की एकीवरून दुसरीवर पाय टाकत गेले असते तर पाय ओला झाला नसता. त्याने हाताने सगळी खाडी दाखविली. कुठेतरी इथेच.

लेम्नॉस डोंगराळ आहे पण उंच नाही. टेकड्या उघड्या, गवत पिवळे पडू लागलेले. चिखलदऱ्याच्या अलीकडे, रान सुरू होण्यापूर्वी लागतात तशा. खाडी त्यांनी चहूकडून वेढलेली आहे. समुद्राकडे उघडणारे तिचे तोंड आम्ही होतो तिथून दिसत नव्हते. पाणी शांत होते.

वहिनी होडीच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी एका काठाकडे पाहिले, मग दुसऱ्या काठाकडे.

"हेच?"

"हेच, वहिनी," नानासाहेब म्हणाले.

"मले वाटलं होतं, ज्याचा काठ दिसत नाई असं पाणी असन." पुन्हा त्यांनी दोन्हीकडे पाहिले. "हे तर तलाव हाय भाऊजी. हे तर ते पोहून गेले असते."

नानासाहेबांचा चेहरा उतरला. इतकी वाट ते आले होते ती वहिनींनी पाणी पाहून मान्य करावे म्हणून; आणि पाणी पाहून त्या उलट म्हणत होत्या. स्टाव्रोसने वल्ही थांबविली.

वहिनींनी पदर खोचला, बांगड्या मागे सारल्या आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. लगेच काढला. मग पुन्हा घातला आणि तसाच ठेवला. नानासाहेब म्हणाले, "वहिनी, काढा." त्यांनी काढला नाही. बऱ्याच वेळाने काढला तेव्हा बोटे पांढरी पडली होती. त्या मूठ मिटायला गेल्या, मिटेना. दुसऱ्या हाताने त्यांनी ती मिटवली.

"असंच असते हे? नेहमी?"

मी स्टाव्रोसला विचारले. तो म्हणाला, आता ऊन लागून पाणी गरम झाले आहे. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटतो. तेव्हा पडलेला माणूस आम्ही लगेच ओढून काढला तर काढला. पोहणारा असला तरी हातपाय हलत नाहीत.

मी ते मराठीत सांगितले. काही गाळले नाही.

त्या आठवड्यात अकोल्यात काय ऊन असेल याचा अंदाज वाचकांना आहे. मोर्णेत त्या दिवसांत डबकी असतात आणि दुपारी त्यांत पाय ठेववत नाही. पुराचे पाणीही गढूळ आणि कोमट असते. वहिनींनी आपला हात दोन्ही मांड्यांमध्ये दाबून धरला होता.

"मोर्णेचं पाणी असं नाई," त्या म्हणाल्या.

स्टाव्रोसने होडी किनाऱ्याकडे वळविली.

गावात घंटा वाजत होती. बोट सुटायला अवकाश होता. तोवर बसायला म्हणून स्टाव्रोस आम्हाला ख्रिस्ती देवळाकडे घेऊन गेला. तिथे सावलीत बाक होते. देवळात त्या दिवशी एका घरचे वर्षश्राद्ध होते. घरधनीण माझ्या अंदाजाने वहिनींच्याच वयाची. डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे. नवरा तापाने, घरात, खाटेवर वारला होता. तिकडे विधवा काळे नेसते आणि पुष्कळदा मरेपर्यंत सोडत नाही. आपल्याकडे काय काय सोडायला लावतात ते स्टाव्रोसने मला विचारले आणि मी त्याला सांगितले. तो म्हणाला, केस कशाला?

देवाच्या पुढे मोठ्या परातीत उकडलेले गहू होते. त्यांत साखर, मनुका, डाळिंबाचे दाणे; वर पांढऱ्या साखरेचा थर आणि मध्ये मेणबत्ती. मंत्र म्हणून झाले की ते गहू सगळ्यांना वाटतात. घरधनीण ओंजळभर घेऊन आमच्याकडेही आली.

"वहिनी," नानासाहेब हळूच म्हणाले, "परक्याच्या श्राद्धाचं आहे. घेऊ नका."

वहिनींनी घेतले. खाल्ले. "घुगऱ्या हाय," त्या म्हणाल्या. "आपण बारशाले वाटतो."

घरधनीण काहीतरी बोलली. स्टाव्रोसने सांगितले, गहू घेणारा मेलेल्याचे नाव घेतो आणि देव त्याला क्षमा करो असे म्हणतो. आणि तुमचे कोणी असेल तर पाद्री तेही नाव यांच्याबरोबर वाचील. ही विचारते आहे, तुमचे कोण? नाव काय?

मी ते भाषांतर करून सांगितले. नेहमीप्रमाणे नानासाहेब पुढे झाले. पासपोर्टाच्या कचेरीत, मुंबईच्या धक्क्यावर, पोर्ट सैदला, प्रत्येक ठिकाणी हे नाव त्यांनीच सांगितले होते.

वहिनींनी हात आडवा धरला. "थांबा भाऊजी."

पाद्री वाट पाहत होता. वहिनींनी तोंडातले गहू गिळले.

"गोविंद," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "गोविंद नारायण पातुरकर."

पाद्र्याला सगळे म्हणता आले नाही. त्याने गोविंद एवढेच म्हटले, त्याच्या भाषेच्या वळणाने. घरधनिणीच्या नवऱ्याचे नाव आणि हे नाव अशी दोन नावे एकामागे एक म्हणून झाली. बायका त्यांच्या त्यांच्या भाषेत उत्तर देत होत्या. नानासाहेब भिंतीला टेकून उभे होते. वहिनी त्या घरात आल्या तेव्हा ते शाळेत होते. भावाचे नाव त्यांच्या तोंडून त्यांनी कधी ऐकले नव्हते.

देवळातून आम्ही किनाऱ्यावर आलो. वहिनी दगडावर बसल्या.

"सोडा पाणी," त्या म्हणाल्या.

नानासाहेब म्हणाले, "कसं सोडू वहिनी? पळस नाही. देह नाही. अग्नी नाही."

"तीळ हाय ना?"

"आहेत."

"मंग पाणी समोर हाय. तुमच्या भावाले द्या. अकोल्याले गेल्यावर भटजी सांगन ते सगळं करजा. पळस तिथं लय हाय. पण आज हे द्या. इथंच द्या."

नानासाहेबांनी कोट काढून माझ्याकडे दिला, बूट काढले, जानवे उजव्या खांद्यावर घेतले. गुडघाभर पाण्यात ते दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले. थंडीने त्यांचे दात वाजत होते आणि मंत्राचे शब्द तुटत होते. ओंजळीतून तीळ आणि पाणी सोडले. तीळ थोडा वेळ तरंगले. स्टाव्रोसने टोपी काढून हातात घेतली होती.

बाहेर आल्यावर त्यांनी पाय पुसले नाहीत. वहिनींसमोर उभे राहिले, खाली पाहत.

"वहिनी, आता..."

"कुंकवाचं म्हणता?"

नानासाहेबांनी मान हलवली.

"तुमचे भाऊ गेले. त्याईले पाणी दिलं, चांगलं केलं. आता दरसाल देजा." वहिनींनी त्यांच्या हातात पंचा दिला. "कपाळ माझं हाय. त्याचं मी पाहीन. पाय पुसा आधी, छाती भरून येईन."

नानासाहेबांनी पाय पुसले.

बोटीवर आल्यावर त्यांनी अंजिराची पाने भांड्यातून काढली आणि कठड्यावरून स्वतः पाण्यात सोडली.

गलिपोली

दुसऱ्या दिवशी बोट गलिपोलीला लागली. वहिनी मिसेस वॉर्ड यांच्यासोबत कबरस्तानात गेल्या. मी थोडा मागे होतो. पांढऱ्या दगडांच्या ओळी एका उतारावर आहेत आणि खाली समुद्र दिसतो. मिसेस वॉर्ड यांनी दगड शोधला, पण समोर गेल्यावर डोळे मिटून घेतले. वहिनींना इंग्रजी येत नाही. त्यांनी मिसेस वॉर्ड यांचे बोट धरले आणि दगडावरच्या कोरलेल्या अक्षरांवरून एकेक करून फिरवले, शेवटच्या अक्षरापर्यंत. मग मिसेस वॉर्ड यांनी डोळे उघडले.

परतीच्या वाटेवर मिसेस वॉर्ड यांनी वहिनींच्या कपाळाकडे पाहिले.

अकोला

वैशाखात आम्ही परत आलो. भटजींनी सांगितले त्याप्रमाणे नानासाहेबांनी मोर्णेच्या काठी पळसाच्या पानांचा विधी केला. वहिनी घरी होत्या. त्यांनी स्नान केले आणि मंगळसूत्र काढून देवघरात ठेवले. विधीनंतर दोन शेजारणी आल्या आणि त्यांनी कपाळ पुसण्याची गोष्ट काढली. वहिनींनी त्यांना चहा दिला.

ज्येष्ठात वटपौर्णिमेला गल्लीतल्या बायका वडाला गेल्या. वहिनी गेल्या नाहीत.

पौषात, मचवा उलटला त्या तिथीला, नानासाहेबांनी डॉक्टरांचे पहिले श्राद्ध केले. मी जेवायला होतो. पाने वहिनींनी वाढली. खिरीनंतर त्यांनी उकडलेल्या गव्हाची एक वाटी आणून पितरांच्या पानावर ठेवली. भटजींनी विचारले तेव्हा नानासाहेब म्हणाले, असू द्या. वहिनींच्या कपाळावर कुंकू होते.